मूर्तिजापूरच्या अलीकडे

शेंड्याचं ते बोटभर कोवळं टोक पुन्हा खिडकीच्या गजाला टेकलं, आणि शकुननं कुंडी पुन्हा दोन्ही पायांत घट्ट धरून आपल्याकडे ओढली... बस वळली की झाड तिकडे, ब्रेक लागला की इकडे, आणि अजून बडनेरासुद्धा मागं पडलेलं नाही. काटेरी फांद्यांनी मनगट पार ओरबाडून निघालं होतं. डिक्कीत टाका म्हणून कंडक्टर वैतागला, तेव्हा तिनं ऐकायला हवं होतं.

फोन वाजला. नवराच, अनुप.

"शेंडा सांभाळून राहिली ना? शेंडा मोडला की झाड गेलं."

"सांभाळते आहे हो."

"आडवं नको करू."

वलगावपासूनचा हा चौथा फोन. नाताळ चार दिवसांवर आला. अकोल्यात काय नाताळची झाडं मिळत नाहीत? पण नाही – वलगावच्या केशवरावांच्या नर्सरीतलंच हवं, कारण सव्वीस वर्षं तिथूनच आणलं. दर उन्हाळ्यात अकोल्याच्या उन्हानं ते जळायचं, दर डिसेंबरात नवं यायचं. गाडीच्या मागच्या सीटवर ती कुंडी धरून बसायची आणि पुढं अनुप शीळ घालत गाडी चालवायचा. मार्चमध्ये त्याच्या डोळ्यात रक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. ड्रायव्हर बोलावू म्हटलं, तर माझ्या गाडीले परक्याचा हात लागणार नाही! आता रोज सकाळी तो अंगणातल्या गाडीत जाऊन बसतो, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करतो, आणि बंद फाटकाकडे बघत दहा मिनिटं स्टिअरिंग धरून राहतो... स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघताना आधी आधी तिला त्याची दया यायची. पावसाळा सरेपर्यंत नुसती चीड उरली होती.

"फळ लागते काय याले?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं. मैनाबाई नाव तिचं, मूर्तिजापूरला उतरणार होती. बसल्या बसल्या तिनं सगळं सांगून टाकलं होतं.

"नाही."

"मंग काहून एवढं जिवापाड धरलं?"

"नाताळ आहे. घरी मालकांना पाहिजे."

"मंग मालक काहून नाही आले?"

शकुननं शेंडा गजापासून सोडवला.

"माही सून ट्रॅक्टर चालवते," मैनाबाई म्हणाली. "बी-बियाणं, सिलिंडर, सारं तेच आणते. मी काई कोनाची वाट पाहत नाही."

ट्रॅक्टर... लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शकुननंही म्हटलं होतं, मला गाडी शिकवा, दवाखान्यात रात्रपाळीला येता-जाता बरं पडेल. मी आहे ना, असं अनुप म्हणाला होता. आणि वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरांना तिनं ते कौतुकानं सांगितलं होतं – मी आहे ना, म्हणाले! किती मूर्ख होते मी... पण मूर्ख तरी कशी म्हणू? तो होताच की. पावसात, तापात, दवाखान्याच्या फाटकाशी बरोबर सातला उभा. त्याच्यावर रागवायला जागाच कुठं ठेवली होती त्यानं? म्हणूनच तर आता हा राग असा झाडावर, कंडक्टरवर, वाटेल त्याच्यावर निघत होता.

मूर्तिजापूरला मैनाबाई उतरली. उतरताना शेंडा वाचवायला ती इतकी वाकडी झाली की मागच्याची तिच्याशी जुंपली.

अकोल्याच्या स्टँडवर त्याच वैतागलेल्या कंडक्टरनं कुंडी खाली उतरवून दिली. तिनं पाठ सरळ केली तोच फोन वाजला.

"कुठपर्यंत आली?"

"मूर्तिजापूरच्या अलीकडे," शकुन म्हणाली.

आपलाच आवाज तिनं ऐकला. मागं अकोला–शेगावची घोषणा चालू होती. तिनं तळहातानं फोन झाकला.

"म्हणजे अजून तासभर," अनुप म्हणाला. "मी फाटकापाशीच उभा आहे. बरं... ये सावकाश."

ती बाकावर बसली. घर रिक्षानं दहा मिनिटांवर. एक तास... त्याचं काय करायचं, तिला सुचेना. चहा प्यावा, की नुसतं बसावं, की आत्ताच उठावं आणि बस लवकर पोचली म्हणावं? फाटकाशी उभा असलेला तो डोळ्यांपुढं आला, आणि तरी ती उठली नाही. सकाळपासून इतका हाताशी असलेला राग तिनं चाचपून पाहिला, तो सापडेना. त्याच्या जागी एक भीती होती, शाळा बुडवलेल्या पोराला वाटते तशी, हलकी, छातीत फडफडणारी... आणि ती भीती इतक्यात जाऊ नये असं तिला वाटत होतं.