लुब्बर्टचा उजवा गाल

सत्तरी गाठल्यावर लुब्बर्ट हागन्स आरशासमोर बसून स्वतःचं चित्र काढू लागले. हार्लेममधल्या म्हाताऱ्या चित्रकारांना हा नाद लागतोच, असं शेजारी म्हणत. त्यांच्या लेकीला, हिल्लेगोंडला, मात्र घाई होती. बाबांच्या छातीतली घरघर वाढत होती आणि चित्रातला उजवा गाल तेवढा राहिला होता. ते गेल्यावर घरात उरणार होतं ते हेच तोंड.

रोज पॅलेटवर रंग तीच मांडायची. पांढरा उजव्या टोकाला, मग पिवळा, तांबडा, तपकिरी आणि डावीकडे शेवटी काळा. तिच्याआधी आई मांडायची, तेव्हाही हाच क्रम होता.

त्या सकाळी ती मासळी आणायला गेली आणि रंग मोलकरणीनं, त्रैननं, मांडले. तिला क्रम कुठला ठाऊक? चित्रातल्या लुब्बर्टच्या हातात पॅलेट होतं, ते बघून तिनं तसेच्या तसे लावले. पण आरशातली उजवी-डावी बाजू सुलटी करून लुब्बर्टनी चित्रातला माणूस खऱ्यासारखा आपल्याकडे तोंड करून बसवलेला. त्याचा उजवा तो आपला डावा. सगळा क्रम उलटा झाला.

हिल्लेगोंड परतली तेव्हा बाबा गुणगुणत होते. गालाच्या हाडावर, नेमका उजेड पडायचा तिथे, काळ्याचे तीन फटकारे होते. चौथ्यासाठी कुंचला पुढे येत होता.

टोपली हातातच राहिली. बाबांना दिसत नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. काळं पुसून मागाहून स्वतःच पांढरा लावणं तिला जड नव्हतं. त्यांना कळलंही नसतं. पण मग तो गाल त्यांचा राहिला नसता. शिवाय चित्रासमोर खोटं बोलायचं नाही, हा त्यांचाच दंडक.

"बाबा, थांबा. काळा लागलाय."

कुंचला हवेतच थबकला. "रंग कुणी मांडले आज?"

"मी हो, मालक!" त्रैन दारातून रडवेल्या आवाजात म्हणाली. "चित्रात आहेत तस्सेच मांडले!"

"मग तुझी काय चूक? माझ्या चित्रावर विश्वास ठेवणारी गावात तू एकटीच."

त्रैन डोळे पुसत आत गेली.

"कधीपासून, बाबा?"

"ईस्टरपासून. खिडकी कुठाय ते कळतं, बस."

"आणि बोलला नाहीत?"

"तू कुंचला काढून घेशील म्हणून."

तिनं काळं पुसलं, रंग नीट मांडले, आरसा बाजूला सारला आणि त्याच्या जागी स्वतः स्टुलावर बसली. बाबांच्या डाव्या हाताचं बोट धरून कॅनव्हासवर टेकवलं.

"गाल इथे आहे. मी सांगते, तुम्ही काढा."

"सांग."

"लोंबतोय."

"किती?"

"त्रैनच्या बाजारच्या पिशवीएवढा."

ते हसले, मग खोकले. "खरं सांग गं."

"डोळ्याखाली एक घडी आहे. तिच्याखाली दुसरी, जास्त खोल."

"ही दुसरी कधी आली?"

"आई गेली त्या हिवाळ्यात."

बाबांनी बोट कॅनव्हासवरून उचललं, स्वतःच्या गालावर फिरवलं. घडी सापडली. बराच वेळ बोट तिथेच होतं. मग त्यांनी ते परत कॅनव्हासवर नेलं आणि त्याच्या शेजारी कुंचला टेकवला.

हिल्लेगोंड बघत राहिली. इतका वेळ तिनं बाबांकडे कधी पाहिलंच नव्हतं; या घरात बघायचं काम त्यांचं.

"उजेड कुठे पडलाय?"

"घडीच्या वर. बारीक. अजून थोडं... हां, तिथेच. हसू नका ना बाबा, घडी हलते."

"मी कुठे हसतोय?" असं म्हणत ते हसतच होते.

"मग हसताच काढा," हिल्लेगोंड म्हणाली, "घडी आता थोडी वर गेलीय."