सुरी भुईवर ठेवायची

सकाळी दुधाची पिशवी मी त्याच चाकूनं कापते. गोळ्यांचं पाकीट, मेथीच्या जुडीचा दोरा, सगळं त्यानंच. घरात दुसरी सुरी न्हाय असं न्हाय. हाय की. पण हाताला हाच लागतो, आन मी बी दुसरी हुडकत बसत न्हाय. सात म्हैनं झालं, मी काहीच हुडकत न्हाय.

लाल मुठीचा हाय. घडी घातली की खिशात मावतो. एका अंगाला पातं, दुसऱ्या अंगाला गाडीचा पट्टा कापायचा आकडा, बुडाला काच फोडायचं टोक. आमच्या रेश्मानं मोबाईलवरनं बापासाठी मागवलेला. "पप्पा, गाडीतच ठेवा, अपघात झाला तर जीव वाचवतो," म्हणली. पप्पांनी त्यानं आदी डाळिंबाच्या क्रेटची सुतळी कापली, मग सांगोल्याला जाऊन दिराच्या मेंढरांची खुरं तासली, मग जेवताना कांदा कापला. आमच्यात कांदा बुक्कीनं फोडत्यात. मी म्हणलं, "लई सायेब झालाय की तुमी." ते हसले, चाकू माझ्याम्होरं भुईवर ठेवला, आन मी तो उचलला.

हातात दिला न्हाय. ते आदी सांगाय पायजे.

लग्न झालं तवा आमी दोगं लई भांडायचो. मी तोंडाची फटकळ, एकाला दोन ऐकवणारी. ते बी काय कमी न्हाईत. सासूबाई, बजाबाई, कट्टाळल्या आन त्यास्नी कारण घावलं. "ही पोरगी त्याच्या हातात सुरी देती. हातात सुरी दिली का भांडण दिलं." तवापासनं सुरी, कातर, इळा, काय बी आसू दे, एकानं खाली ठेवायचं आन दुसऱ्यानं उचलायचं. भांडणं काय थांबली न्हाईत. सासूबाई गेल्या, त्याला बी आट वर्सं झाली. पण चोवीस वर्सांची सवय. हात डोक्याला इचारत न्हाय.

आमचे मालक, रेश्माचे पप्पा, डाळिंबाची पिकप चालवायचे. नाव धनाजी. दवाखान्याच्या कागदावर दहादा सांगावं लागलं, आता तोंडाला बसलंय. त्या दिवशी मोहोळला माल उतरून आमी आडरस्त्यानं सोलापूरला निघालेलो. दुपारची येळ. म्होरं शेरडं आडवी आली, त्यांनी गाडी बाजूला दाबली, आन गाडी रस्ता सोडून पाण्याच्या चारीत उजव्या अंगावर पडली. मी वरच्या दारातनं भाईर निघाले. मला निस्तं खरचटलं. ते खाली. पट्ट्यानं सीटला आवळल्यालं, उजवा हात दाराखाली चेपल्याला, आन पाणी खांद्यापत्तूर. त्यास्नी अंग वर घेता येईना, अंग वर आल्याबिगर हात सुटंना.

चाकू माझ्या बाजूच्या, वरच्या दाराच्या कप्प्यात होता. मी घेतला, उघडला, वरनं वाकले. पट्ट्यापत्तूर माझा हात पुरंना. त्यांनी डावा हात वर केला. डोळ्यात समदा चिखल. म्हणले, "दे."

आन मी चाकू खाली ठेवला. सीटवर. जसा रोज ठेवते तसा. गाडी आडवी पडलीया, सीट उभी झालीया, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाय. त्यांचा हात नि चाकू यात इतभर अंतर होतं. चाकू सीटवरनं घसरला आन पाण्यात गेला.

लोक जमंपत्तूर, क्रेन येईपत्तूर पाऊण तास गेला. जीव वाचला. डाक्टर म्हणला, हात लवकर मोकळा झाला असता तर नस वाचली असती. क्रेनवाल्यानं गाळातनं चाकू काढून माझ्या हातात दिला. चांगला माणूस.

मालकांनी समद्यास्नी एकच सांगितलं. पोलिसाला, रेश्माला, दिराला. "हिनं दिला, माझ्या हातातनं सटकला." त्यास्नी तसंच वाटतंय. डोळ्यात चिखल होता, त्यास्नी दिसलं न्हाय. मी तितंच उभी होते. मी काय बोलले न्हाय. आज सांगू, उद्या सांगू. मग सांगायचं बी राहिलं आन वाटायचं बी राहिलं. रडू येत न्हाय, भूक कळत न्हाय. अंगावर वलं पोतं घातल्यागत वाटतंय, आन ते काढावं असं बी वाटत न्हाय.

शेजारी चंद्रव्वा राहती, अक्कलकोटची. एक दिवस म्हणली, "मायाक्का, तुमच्या घरातनं आवाजच येईना की. पैला तुमी भांडायला लागला का आमी टीव्ही बंद करायचो."

मी म्हणलं, "आता टीव्ही बघा."

खरंच भांडण न्हाय. ते म्हणत्यात, भाजी खारट हाय. मी म्हणते, व्हय. संपलं.

दवाखान्यात हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईनं मऊ बॉल दिलाय. उजव्या हातानं दिवसातनं शंभरदा दाबायचा. मागल्या हप्त्यात बाईनं मला बाजूला घेतलं. म्हणली, "हे घरी काहीच करत नाहीत. अजून दोन महिने हातात आहेत. त्यानंतर बोटं अशीच आखडून राहतील." मी घरी येऊन मालकास्नी म्हणलं, दाबा की. ते म्हणले, "कशाला? ऐन वक्ताला डाव्या हाताला चाकू धरता आला न्हाय, म्हणून उजवा गेला. दोनी माझंच. भोगू दे." बॉल खाटंखाली गेला तो तितंच राहिला.

काल दुपारी मी भाकरी करत होते. ते जवळ बसले, तव्याला हात टेकला. उजवा. टेकला आन तसाच राहिला. वास आला तवा त्यांनी हात उचलून बघितला. "भाजलं व्हय," म्हणले. लोकाचा हात असल्यागत बघत होते. आन मी बी तसंच बघत होते. भाकरी उलथायची राहिली म्हणून मी आदी भाकरी उलथली.

भाकरी उलथली, आन मग मला भ्या वाटलं. सात म्हैन्यांत पैल्यांदा काय तरी वाटलं.

हातावर पाणी घातलं, मलम लावलं. पट्टीचा कापूस कापाय चाकू घेतला. मग म्हणलं, "हात म्होरं करा."

"कापलास की कापूस."

"डावा हात करा."

त्यांनी केला. मी चाकू मिटला आन त्यांच्या हातात दिला.

"अगं, खाली ठेव," ते म्हणले. सवय. त्यास्नी बी तीच सवय.

"न्हाय ठेवत. त्या दिवशी खाली ठेवला म्हणून तर हे झालं." मग मी समदं सांगितलं. सीट, इतभर अंतर, घसरल्याला चाकू. "तुमच्या हातातनं सटकला न्हाय. तुमच्या हातात आलाच न्हवता. मी दिलाच न्हाय."

तव्यावरली भाकरी करपली. मी गॅस बंद केला.

"सात म्हैनं," ते म्हणले. आवाज बारीक होता. "सात म्हैनं मी ह्या हाताला शिव्या घालतोय. झोपंत सुदीक मूठ आवळतोय. आन तू हितं बसून भाकऱ्या थापतीस?"

"थापू नगं तर काय करू? उपाशी ठेवू?"

"तोंड वर करून बोलू नगंस."

"तुमच्या आईनंच शिकवलं. तिलाच इचारा जावा."

"आईचं नाव काढायचं न्हाय."

"काढणार. चोवीस वर्सं तिची सुरी भुईवर ठेवलीया मी."

मग झालं. लग्नात माझ्या बापानं दिल्याल्या दोन मेंढ्या निघाल्या, त्यांच्या भनीची साडी निघाली, मी डोंगरागत चूक करून गप बसले ते तर पन्नासदा निघालं. ते ओरडत होते आन रडत होते. मी बी. माझ्या डोळ्यातनं पाणी येतंय हे मला पदर वला झाला तवा कळलं. चंद्रव्वा दारात आली, जरा उभी राहिली, आन दार वडून घेऊन गेली.

बोलता बोलता ते थांबले. दम लागला.

"कुटं हाय तो बॉल?" म्हणले.

मी खाटंखाली वाकले. धूळ झटकली, आन त्यांच्या उजव्या हातात दिला. बोटं मीच एकेक करून त्याच्यावर टेकवली.

"हळू दाबा," म्हणलं.

"तू मला शिकवू नगंस."