गोदूची जागा

आवडाबाईनं ताट परत दुर्गाकडे सरकवलं. ताटात नारळ, सुपारी, विड्याची पानं आणि वर घडी न मोडलेलं लुगडं होतं. लग्नात धवले गाणाऱ्या बाईला, धवलारणीला, बोलावणं करायची गावची हीच रीत. सुपारी उचलली की तिनं हळदीपासून मांडवात बसायचं, धवले म्हणून देवांना बोलवायचं आणि नवरी घरात घेईपर्यंत उठायचं नाही. आवडाबाईनं सुपारी परत केल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"काकी, असं नका करू," दुर्गा म्हणाली. "माझ्या ऋत्विकचं लगीन हाय. तुमच्यासमोर रांगलाय तो."

"मना नाय जमनार गो. एकटीनं धवला होत नाय. तुना ठाव हाय ते."

दुर्गाला ठाऊक होतंच. उरणच्या त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक होतं. धवला दोघींनी म्हणायचा. एकीनं ओळ उचलायची, तिचं शेपूट दुसरीनं धरायचं आणि ओळ पुरी करून द्यायची. आवडा उचलायची, गोदू पुरी करायची. दोघींची घरं समोरासमोर होती. तरुणपणी मिठागरात एकाच वाफ्यात राबल्या, रंगू म्हातारीच्या पायाशी बसून एकदमच धवले शिकल्या आणि मग आसपासच्या गावांत एकीला बोलावणं गेलं की दुसरी न सांगता पदर खोचून निघायची. गेल्या पौषात गोदू गेली. तेव्हापासून आवडाबाईनं तोंडातून सूर काढला नव्हता.

"मग काय मोबाईलवर लावू धवले?" दुर्गा रडवेली होऊन म्हणाली.

"लाव. डीजेवाल्याला सांग, त्याच्याकडं सगलं असतं."

दुर्गा पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "प्रणाली बसते म्हणाली. गोदूमावशीच्या जागी. तिला सगले येतात, काकी."

झालं. आवडाबाई उठली आणि पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं आत गेली, ती दुर्गा निघून जाईपर्यंत बाहेर आलीच नाही.

प्रणाली म्हणजे दुर्गाची थोरली. गावाची शान. तिचा बाप बंदरावर ट्रेलर चालवायचा, आई भाताच्या कामाला जायची, आणि पोर दिवसभर गोदूच्या मांडीवर. लग्न असलं की या दोघी तिला बरोबर न्यायच्या आणि मांडवात गोदूच्या पदराखाली ती झोपून जायची. आता ती मुंबईत असते, पॉप गाणी गाते, मोठमोठ्या मैदानांत हजारो पोरंपोरी तिच्या गाण्यावर उड्या मारतात. कंटेनर यार्डाच्या नाक्यावर तिचा एवढा मोठा फोटो लागला होता की आवडाबाईला आधी ती ओळखूच आली नव्हती.

अभिमान आवडाबाईलाही होता, खोटं कशाला बोला. पण माघात शेजारच्या आळीत एक हळद होती आणि डीजेवाल्यानं प्रणालीचं नवं गाणं लावलं. ढोल वाजले, खालून धडधडणारा तो मशिनीतला ठेका सुरू झाला आणि मग तिचा आवाज आला. पहिल्याच ओळीत एका शब्दाच्या ऐन मध्यावर आवाज थांबला. अर्धा श्वास, नाकातून एक बारीक ओढ, आणि मग राहिलेला अर्धा शब्द. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. नाचणारी पोरंही शब्द तिथंच तोडत होती, छातीवर हात आपटून श्वास ओढत होती आणि हसत होती. आवडाबाईच्या हातातली हळदीची वाटी कलंडली. ती हुबेहूब गोदू होती. चितेची राख निवली नाही तोवर गोदूचा कोंडलेला श्वास कर्ण्यावर लावून गाव नाचत होतं.

ती तशीच घरी आली. पुढं एकदा दुर्गानं मोठ्या कौतुकानं मोबाईलवर प्रणालीची मुलाखत दाखवली. केस कापलेली प्रणाली मऊ खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि आपण कुणाकुणाकडून गाणं घेतलं ते सांगत होती. परदेशातल्या चर्चमध्ये गाणाऱ्या काळ्या बाया, त्यांचा पोटातून येणारा सूर. दर्ग्यातली कव्वाली. बापाच्या ट्रेलरमधल्या हिंदी कॅसेटी. कुठल्याशा देशातलं मशिनीवरचं संगीत. मग विचारणारा म्हणाला, "आणि शब्द मध्येच तोडण्याची तुमची ही जी खास शैली आहे, ज्याची आज सगळे नक्कल करतात, ती कुठून आली?" त्यावर प्रणाली हसली. त्या हसण्यानं आवडाबाईच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिनं फोन दुर्गाच्या हातात कोंबला आणि पुढचं ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत प्रणाली स्वतः आली. आवडाबाई ओटीवर सुपात सुका जवळा निवडत होती. प्रणालीनं वाकून नमस्कार केला, विचारलं नाही, सवरलं नाही, समोर बसकण मारली आणि सुपातला मूठभर जवळा पुढ्यात ओढून त्यातले खडे काढू लागली.

"आई रात्री जेवली नाय," ती म्हणाली.

"जेवंल आज."

"आजी, माझ्यावर राग हाय ना तुझा? गोदूआजी गेली तेव्हा मी आले नाही म्हणून. मी लंडनला होते, कार्यक्रम होता. आईनं मला चार दिवसांनी सांगितलं."

"लांब व्हतीस. त्याचा कसला राग."

"मग कसला?"

बोलायचं नाही असं आवडाबाईनं ठरवलं होतं. पण पोरगी खाली मान घालून, गोदू निवडायची तसाच दोन बोटांनी जवळा निवडत होती आणि ते बघवेना.

"कोनाच्या दम्याची नक्कल करून टाळ्या घ्यायला लाज नाय वाटली तुना?"

प्रणालीचा हात थांबला.

"दमा? कोणाला दमा?"

"सोंग करू नको. तिच्या मांडीवर वाढलीस तू."

"आजी, शप्पत. गोदूआजीला दमा होता?"

आवडाबाईनं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. आयुष्यभर तिनं मांडवात माणसं पाहिली होती. रुसलेली, खोटं हसणारी, आतून कुढणारी. समोरच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. पोरीला खरंच ठाऊक नव्हतं.

आणि तिला ठाऊक असणार तरी कुठून? दोघींनी ते कुणाला कळूच दिलं नव्हतं. प्रणाली जन्मायच्या आधीच गोदूचा श्वास अडायला लागला होता. ओळीचं शेपूट धरलं की निम्म्यावर छाती भरून यायची. मांडवात श्वास तुटणारी धवलारीण म्हणजे अपशकुन. लोकांनी दुसऱ्याच लग्नापासून तिला बोलावणं बंद केलं असतं, आणि धवल्यावाचून गोदू जगली नसती. तेव्हा आवडानंच तोड काढली. जिथं गोदूचा श्वास अडायचा, नेमक्या त्याच जागी तीही आपल्या ओळीत थांबू लागली. दोघी सारख्याच थांबल्या की ऐकणाऱ्याला वाटणार, धवल्याची चालच अशी आहे. वाटलंही तसंच. गावातल्या बायका भात लावताना धवले गुणगुणायच्या तेव्हा त्याही तिथं थांबायच्या. गोदू ते ऐकून तोंडाला पदर लावून हसायची आणि हसता हसता तिला धाप लागायची.

"मला वाटलं, धवला असाच असतो," प्रणाली म्हणाली. "सगळीकडे मी तेच सांगत आलेय. माझ्या गाण्यात बाहेरचं खूप आहे, पण शब्द मोडायची जागा माझी नाही, आमच्या धवल्यातली आहे. शेकडो वर्षांची रीत आहे, असं बोलले मी त्या मुलाखतीत. एका बाईनं तर त्यावर लेख लिहिला. खाडीच्या लाटा परततात तशी ही चाल, असं काय काय."

"खाडीच्या लाटा?" आवडाबाई म्हणाली.

"हो."

"गोदू असती तर हसून हसून मेली असती."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. ट्रेलरांची एक रांग रस्त्यानं घरघरत गेली. प्रणालीनं गुडघे पोटाशी घेतले. एवढ्या मोठ्या फोटोतली बाई आता ओटीवर जेमतेम पोरीएवढी दिसत होती.

"म्हणजे मी चुकीचं गातेय," ती म्हणाली. "चुकीचं गाऊन वर जगाला शिकवतेय. आजी, मी त्यावरच उभी आहे गं. लोक मला त्या एका जागेवरून ओळखतात. आणि ती जागा म्हणजे तिचा जीव जात होता, ती."

कालपर्यंत आवडाबाईला या पोरीला असंच खाली मान घालायला लावायचं होतं. आता ती तशी बसली होती आणि त्यात काडीचंही समाधान नव्हतं.

"मला खरा शिकव," प्रणाली डोळे पुसून म्हणाली. "रंगू म्हातारीनं तुम्हाला शिकवला तसा. न मोडता. ऋत्विकच्या हळदीला मी तसाच म्हणेन. नंतर लोकांनाही सांगेन, जे काय सांगायचं ते."

हे योग्य होतं. रंगूचा धवला अखंड होता, सरळ दोरीसारखा, हे आवडाबाईला पक्कं आठवत होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि कित्येक महिन्यांनी घसा मोकळा केला. हळदीचा धवला. त्यातली सगळ्यात सोपी ओळ.

"खारीपल्यार गो दिवा लागला, नवऱ्याच्या आयशीचा जीव जा..."

आवाज थांबला.

'जागला' निम्माच बाहेर आला. तिनं आवाज थांबवला नव्हता. तो आपसूक थांबला, नेहमीच्या जागी. आवडाबाईनं मान झटकली आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. या वेळी जागा जवळ येताना तिनं श्वास कोंडून धरला, आता थांबायचं नाही असं मनाला बजावलं, आणि तिथं पोचताच गळा पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून रंगूचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. म्हातारी दिसली. तिचं कपाळभर कुंकू, तिची ती काठी. आवाज काही येईना. शब्द होते, चाल होती, पण त्या एका जागेवरून ओळ सरळ कशी पुढं जाते ते तिच्याजवळ उरलंच नव्हतं. गोदूसाठी ती इतकी वर्षं थांबली होती की तिच्या गळ्यात आता थांबणंच तेवढं होतं. रंगू गेली, गोदू गेली. अखंड धवला आता कुणालाच येत नव्हता.

आवडाबाई घाबरली. भरल्या मांडवातही ती कधी घाबरली नव्हती. रंगूनं एवढ्या विश्वासानं ओंजळीत घातलेलं काहीतरी आपण सांडून बसलो, असं तिला वाटलं.

"काय झालं, आजी?"

"नाय येत मना."

"काय नाय येत?"

"सरळ नाय येत. विसरले." तिनं तोंडावरून हात फिरवला. "तिच्यासाठी थांबता थांबता मूळचं गेलं, पोरी."

प्रणालीनं धीर दिला नाही, ती जवळ सरकली नाही. गोदूच्या बंद घराकडं तेवढं एकदा पाहिलं. आवडाबाईही पाहत राहिली. गोदूला जाळून आल्या दिवशी ती रडली नव्हती, दहाव्याला रडली नव्हती. आता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तेव्हा तिनं ते पुसलंही नाही. पण रडता रडता तिच्या मनात आलं की हरवलं असं म्हणावं, तर ती थांबायची जागा या पोरीच्या गळ्यात जशीच्या तशी होती, नाकातल्या बारीक ओढीसकट.

मग ती म्हणाली, "तू तिकरं बोललीस ना, धवला असाच असतो म्हनून?"

"हो. आता खोटं ठरलं ते."

"नाय ठरलं. असाच हाय तो."

"आजी..."

"असाच हाय. आईला सांग जेव म्हनून. आनि तू हळदीला लौकर ये. मी वरची ओळ सोडली की तू धर." आवडाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "त्या जागेवर घाई नको करू मातर. तिला वेळ लागतो."