श्रीनाथ सोहनी इथे राहत नाहीत

"बायको कुठे आहे?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"साताऱ्याला," मोहन म्हणाला.

"आणि हे असं तोंड वर करून सांगता? लाज नाही वाटत?"

"अहो, तिचा व्हिसा यायचाय. आपण कोण बोलताय?"

"मी कोण ते राहू द्या. तुम्ही कोण ते सगळ्या जगाला कळलंय, सोहनी."

"मी सोहनी नाही. मी शेवडे. श्रीनाथ सोहनी इथे राहत नाहीत."

"हो का? मग त्यांच्या नंबरवर तुम्ही कसे?"

याचं उत्तर द्यायला चार मिनिटं लागत. तेवढं कोणी ऐकत नसे. बाईंनीही फोन आपटला. मोहनने चौकटीच्या वहीत लिहिलं: रविवार, ११.४०, बाई, बहुतेक भारत. त्या सकाळचा हा सहावा फोन. नोंद ठेवली तर फोन कधी कमी होतील याचा अंदाज येईल, असं त्याला सुरुवातीला वाटलं होतं. तीन आठवड्यांच्या नोंदींवरून एवढंच कळत होतं, की रविवारी ते वाढतात.

मोहन शेवडे ड्युसेलडॉर्फमध्ये एका भारतीय पंप कंपनीच्या ऑफिसात होता. ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसं. सुट्या भागांची खोकी बंदरावर आली की त्यांची कस्टम्सची कागदपत्रं करायची आणि बरोबर खोकं बरोबर पत्त्यावर पाठवायचं, हे त्याचं काम. सहा वर्षांत त्याचं एकही खोकं चुकीच्या गावी गेलं नव्हतं. ही गोष्ट ऑफिसात कोणाच्या लक्षात आली नव्हती, आणि त्याचीही तशी अपेक्षा नव्हती.

हे घर त्याला सोहनींकडून मिळालं. जर्मनीत घर सोडताना आपल्यामागे येणारा भाडेकरू, नाखमीटर, आपणच शोधून दिला तर घरमालक बहुधा तीन महिन्यांच्या नोटिशीचा हट्ट धरत नाही. त्यामुळे काही घरं वर्षानुवर्षं मराठी माणसांतच फिरतात. श्रीनाथ सोहनीला म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नोकरी लागली, आणि २००५च्या नोव्हेंबरात मोहन त्याच्या घरात आला. ओटा, कपाटं, पडदे, सगळं आयतं मिळालं. टेलिफोनही. "नंबर तोच ठेवा बरं का," श्रीनाथच्या आई मनोरमाबाई म्हणाल्या होत्या. "नवीन घ्यायला गेलात तर सहा आठवडे इंटरनेटवाचून बसाल." किल्ल्या देताना कोणती शेगडी हळू तापते हे त्यांनी दाखवलं, आणि फ्रीजमध्ये दोन दिवसांची आमटी ठेवून गेल्या. मोहनने फक्त घंटीवरचं नाव बदललं. इंटरनेटवरच्या फोन डिरेक्टरीत या नंबरापुढे अजून सोहनी हेच नाव होतं. ते बदलायला अर्ज करावा लागतो हे त्याला माहीतच नव्हतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये ते पान आलं.

बायकांना टाकून परदेशी राहिलेल्या नवऱ्यांची एक वेबसाइट कोणीतरी काढली होती. तिच्यावर सोहनीचा लग्नातला फोटो होता, खाली त्याच्या बायकोची, ईप्सिताची हकिकत होती. नाशिकची मुलगी. लग्नानंतर सोळा दिवसांनी नवरा जर्मनीला परतला, कागदपत्रं पाठवतो म्हणाला, आणि अडीच वर्षांत पाठवली नाहीत. पुढे फोनही उचलेनासा झाला. शेवटी ठळक अक्षरांत घराचा पत्ता, फोन नंबर आणि एक ओळ: 'यांना फोन करा आणि विचारा, बायको कुठे आहे?'

मोहनने ते पान तीनदा वाचलं. त्याचा त्यातल्या शब्दाशब्दावर विश्वास बसला. चूक होती ती फक्त पत्त्यात, आणि ईप्सिताला माहीत असलेला शेवटचा पत्ता तोच होता.

साताऱ्याहून संध्याचा फोन दुपारी आला. लग्न मे महिन्यात झालं होतं; विमानात तिची ऑक्टोबरची जागा राखून ठेवलेली होती.

"अहो, तात्यांनी आज ते पान छापून आणलं. सायबर कॅफेवाल्याने दोन प्रती काढल्या. एक म्हणे त्याच्या आईला हवी होती."

"या, पण त्यांना सांगितलं ना तू—"

"या काय? कशी येऊ? कोणी येऊच देत नाहीये मला."

तो कसनुसा हसला. "सवय लागलीय गं, इथे 'या' म्हणजे 'हो'. पण फोटो तर माझा नाही ना?"

"ते त्यांना दिसतंय. ते म्हणतात, जावयाचा दोष नाही, पण त्याच घरात, त्याच फोनशेजारी माझी मुलगी दिवसभर एकटी बसणार आणि जगाच्या शिव्या खाणार? पान निघेपर्यंत संध्या जाणार नाही, असं सांगितलंय सगळ्यांसमोर. तुम्हाला माहितीय, सगळ्यांसमोर बोलले की ते मागे येत नाहीत."

"घर बदललं तर?"

"तुम्हीच म्हणालात ना, व्हिसाचे कागद त्या घरावर आहेत?"

खरं होतं. घर किती चौरस मीटर आहे हेसुद्धा अर्जात लिहिलं होतं. घर बदललं की सगळं पहिल्यापासून.

वेबसाइटवाल्यांना त्याने चार मेल केल्या. भाडेकराराची प्रत जोडली. उत्तर एकाच मेलला आलं: पीडित स्त्रीच्या संमतीशिवाय आम्ही काहीही काढत नाही. खाली ईप्सिताचा मोबाइल नंबर होता.

ऑफिसातून घरी आल्यावर त्याने तो लावला. ती शांतपणे ऐकत होती. चारही मिनिटं ऐकणारी ती पहिलीच.

"म्हणजे तुम्ही खरंच शेवडे," ती म्हणाली. "सॉरी. मनापासून सॉरी. जूनमध्ये आमच्या वकिलांचं रजिस्टर पत्र आलं होतं तुमच्याकडे?"

मोहनला आठवलं. पोस्टमन दारात होता, आणि मोहनला बस पकडायची होती. "हो. मी म्हटलं, इथे राहत नाहीत."

"तसा शिक्का मारून परत आलं ते. आम्हाला वाटलं, तोच खोटं बोलतोय."

"मी खरं तेच सांगितलं हो."

"मी कुठे नाही म्हणतेय?" मग तिने विचारलं, "त्याचं बाकीचं टपाल येतं का?"

पोस्टाची टपाल वळवण्याची सहा महिन्यांची मुदत मे महिन्यातच संपली होती. तेव्हापासून सोहनीची साधी पत्रं मोहनच नवा पत्ता लिहून पोस्टाच्या पिवळ्या पेटीत टाकत असे. तो पत्ता त्याला पाठ होता.

"येतं," तो म्हणाला.

"मग तुम्हाला माहितीय तो कुठे आहे."

मोहनने वहीचं पान उलटलं.

"मला पत्ता द्या. तुमचा मी आजच काढायला सांगते."

"वकिलांना देतो. कोर्टात द्या. पण वेबसाइटवर नको."

"अडीच वर्षं वकिलांना कागद देतेय मी. पानावर टाकल्यावर पहिल्यांदा त्या नंबरवरून मला कोणीतरी फोन केला. तुम्ही."

"त्याची आई असते तिथे. वर्षातले सहा महिने."

"माझीही आई असते इथे," ईप्सिता म्हणाली. "लोक तिलाही विचारतात, मुलगी इथे कशी काय म्हणून. तिचा पत्ता तर गावाला आधीपासून माहितीय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पानावर टाकणार नाही, असं वचन मी देणार नाही. उगाच खोटं कशाला बोलू?"

मोहनने संध्याला विचारलं नाही. ती काय म्हणेल ते त्याला माहीत होतं, आणि तिने म्हटलं म्हणून दिला असं पुढे कधी मनात यायला नको होतं. खिडकीबाहेर ट्राम थांबली, दोन माणसं उतरली, ट्राम गेली. ईप्सिता फोनवर थांबली होती. तिचं बिल वाढत नव्हतं, त्याचं वाढत होतं, तरी तिने घाई केली नाही.

त्याने पत्ता सांगितला. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड. ऑफिसातल्या सवयीने पिनकोड दोनदा सांगितला आणि तिच्याकडून वाचून घेतला.

सोहनीचा नवा फोन नंबर तिने मागितला नाही. तो लोकांनी डिरेक्टरीतून शोधून काढला. तिसऱ्या दिवशी पान बदललं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मोहनच्या वहीत एकच नोंद झाली. फोन तात्यांचा होता: "मोहनराव, विमान किती वाजता पोचतं तिकडे?"

संध्या आली. पहिल्या आठवड्यातच तिने पडदे काढून धुतले, आणि ट्रामच्या तिकिटावर मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायला विसरून एकदा दंडही भरला. शनिवारी सकाळी ती पोहे करत असताना फोन वाजला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोहनने उचलला.

"मोहनराव? मी मनोरमा. श्रीनाथची आई."

"मावशी," तो म्हणाला.

"एक विचारायचं होतं. तुम्हालाही यायचे ना हे फोन? तुम्ही काय सांगायचात हो त्यांना?"

"मी... मी म्हणायचो, श्रीनाथ सोहनी इथे राहत नाहीत."

"हं." त्या विचार करत असाव्यात. "मला ते सांगता येत नाही. तो राहतो ना."

"मावशी, पत्ता मी दिला."

"ते कळलं मला. दुसऱ्या कोणाकडे होताच कुठे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मोहनला वाटलं. "म्हणजे तिच्याशी बोलणं झालं तुमचं. कशी आहे हो ती?"

त्याला ईप्सिताचा फक्त आवाज माहीत होता. "बरी वाटली," तो म्हणाला. "शांत बोलते."

"शांतच होती. सोळा दिवसांत मी तिचं काही पाहिलं नाही, पण शांत होती एवढं आठवतं. तेव्हाच मी श्रीनाथला दोन शब्द बोलायला हवे होते. बोलले नाही. मुलगा आपलाच." पलीकडे कुठेतरी दार वाजलं. मनोरमाबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "तो म्हणतो, ऑफिसला गेलो की फोनची वायर काढून ठेवत जा. मी काढत नाही. सगळे घेते. चुकून एखादा तिचा असला तर?"

मोहनने संध्याला शेगडी बंद करायची खूण केली.

"ठेवते हं. इथे फोन दारातच लावलाय, बूट काढतो तिथे. खुर्ची मावत नाही."

रिसीव्हर ठेवल्यावरही मोहनला त्या दिसत राहिल्या: परक्या देशातल्या घराच्या दाराशी, टांगलेल्या ओल्या कोटांखाली, साडीवर स्वेटर आणि पायांत लोकरीचे मोजे घालून, पुढच्या फोनसाठी उभ्या.