तापलेल्या पायांचा आजोबा

गाओलातेचे पाय तापलेले होते. म्हणजे अंगात ताप नव्हता. बायको जाऊन वर्ष व्हायचं होतं, एवढंच. असा माणूस बाळंतिणीच्या खोलीत शिरला तर बाळ वाळत जातं, हे गावात सगळे मानत आणि गाओलातेही मानायचा. लेकीच्या खोलीच्या दाराशी मनाईची खूण म्हणून आडवं ठेवलेलं लाकूड त्याने एकदाही ओलांडलं नव्हतं. नातीचं तोंड तो खिडकीतून बघायचा आणि अक्कलही खिडकीतूनच शिकवायचा.

अक्कल क्लिनिकमधली होती. त्याच्या लेकीला, ओनालेन्नाला, अंगावर पाजायला मनाई होती. क्लिनिक पावडरचे डबे द्यायचं. कुठल्या आजारामुळे, ते गावात कुणी कुणाला विचारत नाही. डबे आणायला हाच जायचा आणि बायकांच्या घोळक्यात बसून नर्सचं बोलणं कान देऊन ऐकायचा.

"ताई, मांडीवर घे तिला. डोकं वर हवं. बाटली हातात धर, उशीला टेकवू नको," तो बाहेरून म्हणे.

त्याची थोरली बहीण ममापुला आतून उत्तर देई, "तुला पान्हा फुटलाय का रे? माझी सगळी पोरं काय उपाशी वाढली?"

"ती अंगावर प्यायली. तिथे पोर दमलं की थांबतं. बाटली थांबत नाही."

"बाटली थांबत नाही म्हणे! आणि सावली काढ आधी तुझी. पोरीवर पडतेय."

मग तो सावली घेऊन मागे सरे. बाळंतिणीच्या खोलीत ममापुलाचं राज्य होतं, तिथे भावाचं काही चालायचं नाही.

त्या सकाळी ओनालेन्ना घरामागे न्हात होती. चुलीवरची ज्वारीची आंबील उतू जायला लागली, तशी ममापुलाने बाळाला चटईवर निजवलं, बाटली उशीला टेकवून त्याच्या तोंडात दिली आणि चुलीकडे धावली. गाओलाते खिडकीशी होता. बाळ घटाघट पीत होतं. मग ओठांतून दूध ओघळलं, मग नाकातून आलं. बाळ हातपाय ताणून धडपडलं, पण आवाज नाही.

"ताई!" तो ओरडला. "अगं ताई!"

"आले रे, आंबील लागतेय खाली!"

आपण शिवलो तर ही वाळणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. नाही शिवलो तर वाळायलाही उरणार नाही, हेही डोळ्यांनी दिसत होतं. बायको आठवली. तो लाकूड ओलांडून आत गेला.

बाटली काढून फेकली. बाळाला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली ठेवलं आणि पाठीवर थापा मारल्या. दूध भसकन चटईवर आलं. आणखी एक थाप, आणि पोरीने असा टाहो फोडला की ममापुला हातातली पळी घेऊनच दारात आली.

तिने भावाला पाहिलं, चटईवरचं दूध पाहिलं, कलंडलेली बाटली पाहिली.

"आत आलास," ती म्हणाली.

"आलो."

नातीला त्याने आत्ताच पहिल्यांदा हातात घेतलं होतं. त्याला रडू कोसळलं. "ताई, आता हिला काय होईल गं माझ्यामुळे?"

ममापुलाने वाकून कलंडलेली बाटली उचलली. मग तिने पळी खाली ठेवली.

"तुझ्यामुळे काय व्हायचंय? व्हायचं होतं ते माझ्या हातून झालं असतं," ती म्हणाली. "बस तिथे. जरा शांत होऊ दे तिला. मी बाटली उकळते आणि ताजं दूध कालवते."

"आणि पाजणार कोण?"

"तूच," ममापुला म्हणाली. "मी बघते कसं पाजायचं ते."