सिग्नलची सुनावणी

वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या एका गावात, चौकातल्या सिग्नलमधले शंभर वॅटचे बल्ब काढून अनुजा परबने दहा वॅटचे एलईडी बसवले. ती नगरपंचायतीत विद्युत अभियंता. दोन महिन्यांनी वीज कार्यालयाची नोटीस आली. पत्त्यावर 'श्री. सिग्नल' असं लिहिलेलं. महिन्याला दोनशे नव्वद युनिट खाणारा ग्राहक एकदम तीसवर आला, त्याअर्थी वीजचोरी. मंगळवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे.

अनुजाने फोन लावला. "अहो, तो सिग्नल आहे. मी येते त्याच्या वतीने."

"प्रतिनिधी चालत नाही, मॅडम," पलीकडून वीज कार्यालयाचे दळवी साहेब म्हणाले.

मंगळवारी सकाळी वायरमन गुरुदासने सिग्नलचं एक तोंड टायमरच्या पेटीसकट उतरवलं आणि टेम्पोत घातलं. चौकात हवालदार हात हलवत उभा राहिला.

"बाई, ह्येका खुर्ची देव काय?" कार्यालयात पोचल्यावर गुरुदासने विचारलं. अनुजाला हसू येत होतं आणि संतापही. तिने खुर्ची ओढून दिली.

"नाव?" साहेबांनी विचारलं. मग ते कारकुनाकडे वळले. "उत्तर देत नाही, असं लिहा."

गुरुदासने प्लग लावला. लाल लागला तसा चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. हिरवा झाल्यावरच आत आला.

मग गुरुदासने पिशवीतून जुना बल्ब काढून शेजारच्या होल्डरमध्ये पेटवला. "सायबानू, ह्येका हात लावून बघा."

साहेबांनी हात लावला आणि ओरडले.

"ती सगळी वीज तापण्यात जायची," अनुजा म्हणाली. "आता ह्याला लावा."

साहेबांनी भीत भीत एलईडीला बोट लावलं. जेमतेम कोमट. ते बराच वेळ बोट तसंच धरून बसले.

"पटलं. पण जबाब ग्राहकाचाच हवा," ते सिग्नलकडे वळले. "आपण चोरी केलीत का?"

सिग्नल लाल झाला.

"नाही म्हणतात," कारकुनाने लिहून घेतलं.

"प्रकरण मिटवायला आपली संमती आहे?"

सगळे वाट बघत बसले. चाळीस सेकंदांनी हिरवा लागला. साहेबांनी सही ठोकली.

दुपारी दोनपर्यंत गुरुदासने सिग्नल पुन्हा खांबावर चढवला. पूर्वी ह्या उन्हात कुठला दिवा लागलाय ते कळायचं नाही. आता लाल दुरूनही स्वच्छ दिसत होता. पहिलीच गाडी दळवी साहेबांची आली. ती थांबली. साहेबांनी काच खाली केली, मान वर केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मघाचं मनावर घेऊ नका हं."