आईला अल्सर होता

आमच्या घराण्यात कॅन्सरने कोणी मेलं नाही. आजोबा रागाने गेले. बांधावरून शेजाऱ्याशी वाजलं होतं. मावशी सुनेमुळे गेली. गिळलेला राग पोटात उतरतो आणि माणूस सुकत जातो, हे मेक्सिकोत, आमच्या हालिस्कोत, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लॉस एंजेलिसला येताना सामान फारसं नव्हतं, हे ज्ञान तेवढं सोबत आणलं.

त्यामुळे आई सुकायला लागली तेव्हा वडिलांवर खापर फुटलं. दवाखान्यात तिला मी न्यायचे. मी थोरली, घरात धड इंग्रजी आधी मला आलं. भाडेपत्र, शाळेच्या चिठ्ठ्या, डॉक्टर, नवव्या वर्षापासून सगळं माझ्याच तोंडून घरात यायचं.

डॉक्टर म्हणाले, "जठराचा कॅन्सर आहे. गाठ नाही, भिंतीभर पसरलाय. असा कॅन्सर घराण्यात उतरू शकतो. मुलांनी तपासून घ्यावं."

"काय म्हणतात गं, मिहा, माझ्या पोरी?" आईने विचारलं.

"अल्सर आहे म्हणतात. चिडू नकोस म्हणतात."

"एवढंच?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"स्पॅनिश आटोपशीर भाषा आहे," मी म्हटलं.

चार महिन्यांनी आई गेली. एकदाही न चिडता. भावंडांनाही मी अल्सरच सांगितला होता. खरं नंतर सांगू म्हटलं. त्या नंतरला चौदा वर्षं लागली.

चौदा वर्षांनी माझी धाकटी बहीण मारीक्रूस अडतिसाव्या वर्षी तशीच सुकली. जनुकांची माहिती देणाऱ्या बाई आमची वंशावळ काढत होत्या. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन.

"घरात कुणाला जठराचा कॅन्सर?"

"छे. आईला अल्सर होता," मारीक्रूस म्हणाली.

"नव्हता," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. बाईंनी आईचा गोल काळा केला. म्हणाल्या, तुमच्या लोकांत हा प्रकार तरुण वयात जास्त दिसतो. तुमच्या घरात एका जनुकातला दोष असावा. असला तर मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी.

मारीक्रूस माझ्याकडे बघत नव्हती. "दोन वर्षं दुखत होतं, लेओ. तू मला कॅमोमाइलच्या फुलांचा चहा पाजत होतीस."



तिच्यात दोष सापडला. मग तिच्या यारेत्सीचं, एकोणीस वर्षांच्या पोरीचं, आणि माझं रक्त गेलं. रिपोर्ट आले तोवर मारीक्रूसची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी आणली होती. माझ्यात काही नव्हतं. ज्याची लाज वाटावी असा तो एकमेव चांगला रिपोर्ट.

"पोरीचं काय आलं?" मारीक्रूसने विचारलं.

आटोपशीर उत्तर जिभेवर तयार होतं. चौदा वर्षांची सवय.

"तिच्यात आहे," मी म्हटलं. "पण कॅन्सर झालेला नाही. होऊ नये म्हणून मे महिन्यात जठर काढतील. थोडं थोडं खाईल, पण जगेल."

तिने डोळे उघडले. "खरं सांगतेयस, की आईला सांगितलंस तसं?"

"खरं."

"कागद दाखव."

मी कागद धरला. तिने लांब धरायला लावला, मग जवळ. अक्षरं दिसत नव्हती. घरात दुसरं कुणी नव्हतं. यारेत्सी औषधं आणायला गेली होती.

"वाच," ती म्हणाली. "जसं लिहिलंय तसं."

मी इंग्रजीतच वाचला. तारखेपासून सहीपर्यंत, एक शब्द न गाळता. ती माझ्या ओठांकडे बघत होती. विश्वास बसला का, ते तिने सांगितलं नाही.